पायथनचं रोजचं टायपिंग कमी करा: शेलमध्ये अलायस आणि फंक्शन कसं करायचं

आधी टर्मिनलमध्ये हिस्टरी कमांड चालवा आणि आपण दिवसभर काय काय बडवतोय ते बघा. माझ्याकडे निघालं की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोजेक्टसाठी पायथन पॅकेजची वेगळी जागा) चालू करायची ती लांबलचक ओळ, टेस्ट चालवणारं पायटेस्ट आणि पॅकेज टाकणारं पिप इन्स्टॉल, बस, एवढंच फिरून फिरून. यादी अशी स्वतःच्या हिस्टरीतूनच काढा, नेटवरून पन्नास अलायस (लांब कमांडला दिलेली छोटी नावं) कॉपी केले तर त्यातले चारसुद्धा लक्षात राहत नाहीत.

आता होम फोल्डरमधली शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंगची फाइल उघडा. बॅश असेल तर .बॅशआरसी, झेडशेल असेल तर .झेडएसएचआरसी (मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या अकाउंटला झेडशेलच येतं). त्यात अलायस हा शब्द, मग तुमचं छोटं नाव, बरोबरचं चिन्ह आणि कोटमध्ये पूर्ण कमांड, म्हणजे पीटी नावाखाली पायटेस्ट आणि पहिल्या फेलला थांबवणारा डॅश एक्स. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको आणि कोट सिंगलच घ्या, डबल घेतलात तर आतले डॉलरवाले व्हेरिएबल फाइल वाचतानाच भरले जातात, वापरताना नाही. सेव्ह करून सोर्स कमांडने फाइल परत लोड करा, झालं.

पण अलायस म्हणजे नुसती शब्दांची अदलाबदल, तुम्ही पुढे जे लिहाल ते शेवटी चिकटतं, मध्ये कुठे घालता येत नाही. तिथे फंक्शन लागतं, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या अनेक कमांड. माझं नवा नावाचं फंक्शन आहे: नाव, रिकामा गोल कंस, मग महिरपी कंसात चार कामं, फोल्डर बनव, त्यात जा, पायथनच्या व्हेन्व मॉड्यूलने एन्व्हायर्नमेंट तयार कर आणि ती ॲक्टिव्हेट कर. फोल्डरचं नाव जिथे हवं तिथे "$1" (वापरताना फंक्शनच्या नावापुढे तुम्ही पहिलं जे लिहाल ते) लिहायचं, कोटसकट, नाहीतर नावात स्पेस आली की गोंधळ. कामांच्या मध्ये && टाका म्हणजे एक फसलं की पुढचं चालत नाही.

हेच वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये का नाही? कारण स्क्रिप्ट स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तिथे फोल्डर बदललं, एन्व्हायर्नमेंट चालू झाली आणि स्क्रिप्ट संपली की सगळं तिच्याबरोबर गेलं, तुम्ही जिथे होतात तिथेच. फंक्शन तुमच्या चालू शेलमध्येच चालतं म्हणून बदल टिकतो. फक्त फंक्शनचं नाव टेस्ट ठेवू नका, ती शेलची स्वतःची कमांड आहे.

आणि एक खड्डा, मी त्यात अख्खी दुपार घालवलीये. पायथन या नावालाच सिस्टीमच्या पायथनचा पूर्ण पाथ देऊन अलायस केला होता. शेल आधी अलायस बघतं, प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी (पाथ व्हेरिएबल) नंतर, त्यामुळे एन्व्हायर्नमेंट चालू असूनही पायथन सिस्टीमचंच चालत होतं, पिप मात्र बरोबर एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज टाकत होतं, आणि इम्पोर्ट केलं की मॉड्यूल सापडत नाही! असं काही विचित्र दिसलं तर टाइप कमांडपुढे पायथन लिहून एंटर मारा, ते अलायस आहे की खरी फाइल ते लगेच कळतं.