बेसबॉलमध्ये फटका पायातून येतो, हातातून नाही

क्रिकेट खेळत बेसबॉलकडे आलेल्या आपल्या पोरांची एक सवय मी इथे न्यू जर्सीत केजमध्ये (सरावाच्या जाळीत) दर शनिवारी बघतो, बॉल आला की खांदे आणि मनगटं आधी सुटतात, कंबर मागेच राहते, मग कितीही जोर लावा बॉल इनफिल्डच्या, म्हणजे बेसच्या आतल्या मैदानाच्या, पुढे जात नाही. माझ्या मुलाचं वर्षभर हेच चाललं होतं आणि दंड बारीक आहेत म्हणून तो हिरमुसायचा. अमेरिकेतल्या मेजर लीगमधला होसे अल्टुवे 5 फूट 6 इंचाचा आहे आणि तोही बॉल स्टँडमध्ये घालतो, तेव्हा दंड विसरा.

आधी क्रम: जमीन, पाय, कंबर, छाती, हात, शेवटी बॅट. गोफण फिरवणारा माणूस बघितला असेल तर लगेच कळेल, अंग आधी वळतं, दोरी मागून येते आणि दगड सगळ्यात वेगात सुटतो. (पुढचं सगळं उजव्या बॅटरसाठी, डावखुऱ्यांनी उलट करा.)

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. पिचर (बॉल टाकणारा) हलला की वजन उजव्या पायावर घ्या, पण उजवा गुडघा पायाच्या बाहेर झुकू देऊ नका, ताण मांडीच्या आतून आणि खुब्यात जाणवला पाहिजे. गुडघा बाहेर गेला की परत यायला वेळ जातो, आणि मोठ्यांच्या मैदानावर ताशी 90 मैलांचा बॉल जेमतेम 0.4 सेकंदात अंगावर येतो.

मग डावा पाय छोटा टाका. जपानचा सदाहारु ओह पाय चांगला उंच उचलायचा आणि त्याने 868 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, उलट त्याच्याच देशाचा ओहतानी 2018 च्या सीझनच्या तोंडावर पाय उचलणं सोडून नुसती टाच उचलून टेकवण्यावर आला, म्हणजे दोन्ही चालतं, पण लहान मुलांना छोटंच पाऊल द्या. पाय पुढे जाताना हात मात्र मागेच ठेवायचे. ओला टॉवेल पिळताना दोन टोकं उलट फिरतात ना, तसा पीळ कंबर आणि खांद्यांमध्ये बसतो, तो हातांनी आधीच सोडला की संपलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डावा पाय. टाच टेकली की कंबर पिचरकडे फिरायला लागते आणि त्याच वेळी डावा गुडघा सरळ होत पाय खांबासारखा घट्ट होतो. एसटीने कचकन ब्रेक मारला की उभी माणसं पुढे फेकली जातात तसंच आहे हे, खाली ब्रेक लागतो आणि वरचं अंग, हात, बॅट सटकन पुढे येतात. फास्ट बॉलर पुढच्या पायावर उतरतो तेव्हाही हेच होतं. माझ्या मुलाचा गुडघा फटक्याच्या वेळी मऊच राहायचा, सगळा जोर तिथेच गळायचा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बघितलं तेव्हा दिसलं.

मागचा पाय जागच्या जागी किडा चिरडल्यासारखा फिरव असं बरेच कोच सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. पाय फिरतो कारण कंबर त्याला ओढते, आणि बऱ्याच मोठ्या हिटर्सचा मागचा पाय फटक्याच्या क्षणी जमिनीवरून सुटलेला असतो. मातीत बुटाची खूण बघा, गोल खड्डा पडला असेल तर पोरगं जागच्या जागी फिरतंय, खूण थोडी पुढे ओढलेली असेल तर वजन नीट पुढे आलंय.

सरावाला टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) बॉल ठेवा, फटका मारा आणि तसंच थिजून तीन आकडे मोजा. बेंबी पिचरकडे, डावा पाय सरळ, उजवी टाच वर. तोल पुढे गेला तर डाव्या पायाने ब्रेक लावलाच नाही असं समजा. घरी बॅट कमरेमागे आडवी धरून, दोन्ही कोपरांत अडकवून, नुसती कंबर फिरवा. आमच्याकडे हे रोज रात्री दात घासायच्या आधी 20 वेळा चालतं, अनवाणी, म्हणजे चवडा आणि टाच कधी टेकते ते नीट कळतं.