गणपतीच्या आठवड्यात रेकॉर्डिंगची टक्कर होऊ नये म्हणून आधीच करायची तयारी

गणपतीत कोल्हापुरात संध्याकाळी घरात कोण थांबत नाही. आरती उरकली की राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ असं देखावे बघत फिरायचं, येताना खासबागेत भेळ खायची, घरी यायला बारा ठरलेले. आणि नेमकं ह्याच दिवसांत सगळ्या मराठी चॅनलना तासाचे विशेष भाग आणि महासंगम सुचतात, म्हणजे साडेसातची अर्ध्या तासाची सिरियल साडेआठपर्यंत लांबते आणि दुसऱ्या चॅनलच्या आठच्या सिरियलवर चढते, त्यात मॅच असली तर विचारूच नका. निघताना दारात चप्पल घालत रिमोटवर हे सुटत नाही. त्यामुळं गणपती बसायच्या आधीच्या रविवारी तासभर काढायचा नि सगळं लावून मोकळं व्हायचं.

पहिलं काम, आपल्या सेट-टॉप बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारे भाग, किती आहेत ते बघा. हार्ड डिस्क किती जीबीची हे दुकानदार हौसेनं सांगतो पण टक्कर होते ती ट्यूनरवर. एक ट्यूनर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी पकडतो, बस्स. पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करणारे जे साधे बॉक्स आहेत, फ्री डिशचे धरून, त्यात बहुतेक एकच ट्यूनर असतो, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना चॅनल बदलायला गेलं की बॉक्स विचारतो रेकॉर्डिंग थांबवू का. ह्यात एक पळवाट आहे. सॅटेलाइटवरनं एका फ्रिक्वेन्सीवर चॅनलचा अख्खा गठ्ठा येतो, त्यामुळं एकाच गठ्ठ्यातलं एक चॅनल रेकॉर्ड करत दुसरं बघायला काही बॉक्स देतात. कुठली चॅनल एका गठ्ठ्यात आहेत हे रेकॉर्डिंग लावून एकेक बदलून बघितलं की कळतं, ती कागदावर लिहून ठेवा.

दोन ट्यूनरवाला बॉक्स असेल तर छत्रीपासून बॉक्सपर्यंत वायरी किती आल्यात ते मागं वाकून बघा, कारण अशा बऱ्याच बॉक्सना दोन वायरी लागतात आणि बसवणाऱ्यानं एकच ओढलेली असली तर दुसरा ट्यूनर नुसता शोभेला. एक चॅनल रेकॉर्डला लावा, मग वेगळ्या गठ्ठ्यातलं दुसरं लावून बघा, सिग्नल नाही असं आलं तर गणपतीआधीच माणूस बोलवा, नंतर कोण फोन उचलत नाही.

आणि हे तर लई जण विसरतात, टीव्ही बघणारा माणूसपण एक ट्यूनर खातो. गुडघ्यामुळं आज्जी घरीच थांबणार असतील आणि बातम्या बघणार असतील तर दोनातला एक ट्यूनर त्यांचा, हे धरूनच हिशोब करायचा. नाहीतर बॉक्स स्क्रीनवर काहीतरी विचारणार, आज्जी वैतागून ओके दाबणार आणि वहिनींची सिरियल तिथंच तुटणार, ह्यात आज्जींची काय चूक?

आता कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला काय पाहिजे ते विचारून लिहा, आणि प्रत्येक नावासमोर फक्त एकच गोष्ट लिहा, हे परत लागतं का. कुणाची सिरियल महत्त्वाची, कोण मोठं, कोण पाहुणं, ह्या वादात पडलात तर दिवस जाईल. मॅच लाईव्ह आहे आणि निकाल कळल्यावर तिच्यात दम राहत नाही, म्हणून संध्याकाळचा ट्यूनर आधी तिला. सिरियलचं तसं नाही, आज रात्री लागलेला भाग मध्यरात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी परत लागतोच, तेव्हा गाईडमध्ये, म्हणजे बॉक्स स्क्रीनवर दाखवतो त्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात, पुढं सरकत जाऊन तोच भाग परत कधी आहे ते शोधा आणि तो रिपीट रेकॉर्डला लावा. रात्री एक ते सकाळी सहा दोन्ही ट्यूनर मोकळेच पडलेले असतात. फक्त रिपीट लावताना भागाची माहिती उघडून वाचा, कारण विशेष भागाचा रिपीट कधीकधी कापून अर्ध्या तासाचा करतात. आणि हाताने टायमर लावताना रात्री बारानंतर तारीख बदलते हे लक्षात ठेवा, सोमवारी रात्री साडेबाराचं म्हणजे बॉक्सच्या भाषेत मंगळवार ००:३०.

ज्यांना मोबाईलवर बघायला चालतं त्यांच्या सिरियल यादीतनं सरळ काढून टाका. झी मराठीचं झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर मिळतं. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या पोरांचं सगळं ॲपवर ढकलावं आणि ट्यूनर ज्यांना टीव्हीवरच बघायचंय त्यांना द्यावा, पोरं कुरकुरतात पण ऐकतात.

मग येतं मागं-पुढं जादा मिनिटं धरायचं. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही म्हणून आपण दोन मिनिटं आधी आणि पाच मिनिटं नंतर असं लावतो, ते बरोबरच आहे, पण टक्कर निम्म्या वेळा ह्यानंच होते. साडेसातची एका चॅनलवर, आठची दुसऱ्या चॅनलवर, कागदावर कुठंच भांडण नाही, पण पहिली ८:०५ पर्यंत आणि दुसरी ७:५८ पासून धरली की ती सात मिनिटं दोन ट्यूनर अडकले आणि मॅचला जागाच उरली नाही. अशा ठिकाणी आधीच्या सिरियलचं शेवटचं जादा काढून टाका, पुढच्या भागाची झलकच जाते तेवढी. एकाच चॅनलवर पाठोपाठ दोन-तीन सिरियल पाहिजे असतील तर वेगवेगळं बुक करूच नका, ७:०० ते ९:०५ असा सलग एकच टायमर लावा, एकच ट्यूनर लागतो. मॅचला मात्र शेवटी निदान तासभर जादा पाहिजेच, पाऊस नि सुपर ओव्हर गाईडला कळत नाहीत. प्रो कबड्डीच्या पाठोपाठच्या दोन मॅच असल्या तरी तसंच, पहिली लांबली की दुसरी सरकते.

रोजच्या सिरियलला सिरीज रेकॉर्डिंग (एकदा लावलं की सगळे भाग आपोआप रेकॉर्ड होतात ते) लावलं असेल तर गणपतीच्या आठवड्यात त्याच्यावर भरवसा ठेवू नका. विशेष भाग गाईडमध्ये वेगळ्या नावानं टाकतात, मग बॉक्सला तो सिरियलचा भाग वाटतच नाही आणि तो गप्प बसतो. रोज सकाळी चहा घेताना एकदा बुकिंगची यादी उघडून त्या दिवसाच्या वेळा गाईडशी ताडून बघा. टक्कर झाली की काही बॉक्स विचारतात कुठलं रद्द करू, काही न विचारता एक टाकून देतात, आपला कुठल्या जातीचा हे आधीच मुद्दाम टक्कर लावून बघून घ्या.

जागेचं सोपं आहे. एचडी चॅनल ८ एमबीपीएसच्या (सेकंदाला ८ मेगाबिट) आसपास असलं तर तासाला साडेतीन जीबीच्या वर जातं, साधं चॅनल एक-दोन जीबीत बसतं. पेनड्राइव्ह बॉक्समध्येच फॉरमॅट करा आणि जुनं बघून झालेलं उडवा. तो पेनड्राइव्ह मावशीकडं नेऊन तिच्या टीव्हीला लावायचा बेत असेल तर सोडून द्या, डीटीएच बॉक्सवरचं रेकॉर्डिंग शक्यतो त्याच बॉक्सवर चालतं. रिचार्ज त्या आठवड्यात संपत नाही ना आणि पाहिजे ती चॅनल पॅकमध्ये आहेत ना, हेही बघा.

बाहेर पडताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय घरोघरी आहे, त्या बटणावर चिकटपट्टी लावा, बॉक्स स्टँडबायला चालतो पण करंट पाहिजे. लाईट गेली तर चालू रेकॉर्डिंग तुटतं, अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर वायफायला मिळतो तसला छोटा यूपीएस बसतो, अँपिअर जुळतात का तेवढं बघून घ्या. मोठी सर आली की छत्रीचा सिग्नल जातो त्याला इलाज नाही, म्हणून पावसाचा रंग दिसला तर त्या दिवशी सिरियलचा रिपीटपण बुक करून टाका.

राहिली विसर्जनाची मिरवणूक. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडचं लाईव्ह लोकल चॅनल दाखवतात, ती डीटीएचवर येत नाहीत, केबलचा बॉक्स असेल तरच रेकॉर्ड होणार. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा एकच लांब टायमर न लावता तीन-तीन तासांचे तुकडे लावा, मधे काही बिघडलं तरी एकच तुकडा जातो, आणि आपल्या तालमीचा (मंडळाचा) गणपती साधारण किती वाजता येतो ते कार्यकर्त्यांना विचारून तेवढेच तुकडे ठेवा, बाकीचे सकाळी उडवा.