घरच्या कंपनीचे शेअर डीमॅट करायला घेण्याआधी

खासगी कंपन्यांनी शेअर डीमॅट, म्हणजे कागदी सर्टिफिकेटाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणावेत, हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. पहिली मुदत ३० सप्टेंबर २०२४ ची होती, ती वाढून ३० जून २०२५ झाली आणि तीही उलटली. कौटुंबिक कंपनीत हे काम बहुधा बँक किंवा नवा गुंतवणूकदार कागद मागतो त्या दिवशी आठवतं, आणि मग आयएसआयएन, म्हणजे डीमॅट शेअरची ओळख सांगणारा क्रमांक, मिळवण्यासाठी धावपळ सुरू होते. तो क्रमांक फार पुढची पायरी आहे. आधी कंपनीचे मालक नेमके कोण, हे कागदावर पक्कं करा, आणि घरातली वडीलधारी माणसं सही करण्याच्या स्थितीत आहेत तोवर करा.

नियम तुम्हाला लागू आहे का, ते प्रथम पाहा. ‘लहान कंपनी’ला सूट आहे. १ डिसेंबर २०२५ पासून तिची मर्यादा वाढली आहे: भरणा झालेलं भांडवल १० कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत. दोन्ही अटी एकदम बसायला हव्यात. कंपनी दुसऱ्या कंपनीची होल्डिंग (नियंत्रण ठेवणारी) किंवा सब्सिडियरी (तिच्या नियंत्रणाखालची) असेल तर आकडे कितीही छोटे असोत, ती लहान धरली जात नाही. एकाच घराच्या दोन-तीन कंपन्या असतात तिथे ही अट हमखास नजरेतून सुटते. जुन्या मर्यादेप्रमाणे तुम्ही आधीच लहान कंपनीच्या बाहेर गेला असाल, तर नव्या मर्यादेमुळे जुनं बंधन आपोआप सुटलं असं धरून चालू नका. कंपनी सेक्रेटरीकडून लेखी मत घ्या. यापुढे ज्या आर्थिक वर्षाअखेर कंपनी मर्यादेबाहेर असेल, त्या वर्षाअखेरीपासून १८ महिने मिळतात.

मग सभासद नोंदवही टेबलावर घ्या, म्हणजे एमजीटी-१. तिच्याशेजारी शेवटचं वार्षिक विवरण, शेअरवाटपाचे पीएएस-३ अर्ज, ताळेबंदातलं भांडवल आणि प्रत्यक्ष सर्टिफिकेटं ठेवा. या सगळ्यांत शेअरची एकूण संख्या आणि प्रत्येकाच्या नावावरची संख्या एकच यायला हवी. सर्टिफिकेटांवरचे अनुक्रमांकही जुळवा, कारण डीमॅट झालेल्या शेअरला अनुक्रमांक उरत नाही. फरक शोधायची संधी आत्ताच आहे. कुणी एसएच-४ या हस्तांतराच्या अर्जावर सही करून शेअर दिले पण अर्ज कंपनीकडे कधी दाखलच झाला नाही, अशी प्रकरणं इथेच सापडतात. सहीनंतर ६० दिवसांत तो अर्ज कंपनीकडे यावा लागतो. जुना अर्ज आज चालवू नका, आणि मागची तारीख टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. नियम लागू झालेल्या कंपनीत हस्तांतर करायचं तर देणाऱ्याने आधी शेअर डीमॅट केले पाहिजेत.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो दिवंगत भागधारकांसाठी. आजोबांच्या नावचे शेअर वडिलांचेच, असं घरात सगळे मानत असतात, पण नोंदवहीत आजोबाच असतात. त्यांच्या नावाचं डीमॅट खातं आता उघडता येत नाही, म्हणून वारसाची नोंद आधी कंपनीच्या नोंदवहीत व्हायला हवी. इथे एसएच-४ लागत नाही. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारसा प्रमाणपत्र, आणि तुमच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, सांगितलेले कागद लागतात. नॉमिनी नेमलेला असला तरी मालकीचा प्रश्न मिटत नाही. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे: नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क बाजूला पडत नाही. म्हणून लग्न होऊन गेलेल्या आत्या, परदेशातले काका, सगळ्यांशी बोला आणि जो हक्क सोडणार असेल त्याच्याकडून योग्य दस्त करून घ्या. आत्यांना न विचारता संचालक मंडळात ठराव करून टाकणं सोपं असतं, पण ते अन्यायाचं आहे. शिवाय एकदा शेअर डीमॅट खात्यातून पुढे गेले की ती चूक सुधारायला कंपनी कायदा न्यायाधिकरणाची (एनसीएलटी) पायरी चढावी लागते.

हयात भागधारकांचं काम त्यामानाने हलकं. सर्टिफिकेट, पॅन आणि डीमॅट खातं यांवरचं नाव एकच असावं. लग्नाआधीचं आडनाव किंवा वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. संयुक्त नावं असतील तर खात्यात क्रमही तोच हवा. क्रम बदलायचा असेल तर डीपीकडे, म्हणजे डीमॅट खातं उघडून देणाऱ्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे, त्याचा वेगळा अर्ज असतो. सर्टिफिकेट हरवलं असेल तर दुसरी प्रत काढा, संचालक मंडळाचा ठराव करा आणि एसएच-२ या दुसऱ्या प्रतींच्या नोंदवहीत नोंद घ्या.

आता कंपनीच्या बाजूचं. जुन्या आर्टिकल्समध्ये डीमॅटचा उल्लेख नसेल तर विशेष ठराव करून त्या बदला आणि ३० दिवसांत ठरावाचा एमजीटी-१४ अर्ज कंपनी निबंधकाकडे भरा. शेअरच्या नोंदी सांभाळणारा, सेबीकडे नोंदलेला रजिस्ट्रार नेमा, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीशी (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेशी) करार करा, इक्विटी आणि प्रेफरन्स शेअरसाठी वेगवेगळे आयएसआयएन घ्या. यात अवघड काही नाही, फक्त पाठपुरावा लागतो. प्रवर्तक, संचालक आणि प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांचे शेअर सर्वांत आधी डीमॅट करा, कारण त्यांचे कागदी राहिले तर कंपनीला राइट्स (आहे त्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणं), बोनस (मोफत शेअर), बायबॅक (शेअर परत विकत घेणं) यांतलं काहीच करता येत नाही.

एक गोष्ट सल्लागारही क्वचित काढतात. खासगी कंपनीच्या आर्टिकल्समध्ये शेअर हस्तांतरावर बंधन असतंच, आणि कागदी शेअरचा अर्ज संचालक मंडळापुढे येत असल्यामुळे ते पाळलं जायचं. डीमॅटमध्ये भागधारक आपल्या डीपीकडे स्लिप देतो. डीपीने तुमच्या आर्टिकल्स वाचलेल्या नसतात. तेव्हा कंपनीच्या संमतीशिवाय हस्तांतर होऊ नये यासाठी काय व्यवस्था करता येईल, ते करार करण्याआधीच रजिस्ट्रारला लेखी विचारा, आणि आधी घरातल्यांना विचारण्याचं कलम भागधारकांच्या आपसातल्या करारातही घाला.

आयएसआयएन क्रमांक मिळाल्यावर कॅलेंडरवर दोन तारखा लिहा: ३० मे आणि २९ नोव्हेंबर. प्रत्येक सहामाही संपल्यापासून ६० दिवसांत पीएएस-६ भरायचा असतो, दर आयएसआयएनसाठी वेगळा, व्यवसाय करणाऱ्या कंपनी सेक्रेटरी किंवा सीएच्या प्रमाणपत्रासह. किती शेअर डीमॅट झाले आणि किती कागदी उरले याचा मेळ त्यात द्यावा लागतो. नोंदवही आधीच जुळवली असेल तर हा अर्ज अर्ध्या दिवसाचं काम आहे.