स्वतःच्या मेल सर्व्हरवरचे मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून

सर्व्हर सुरू झाला, पहिला मेल गेला आणि थेट स्पॅममध्ये पडला, की बरेच जण मजकूर बदलून पाहतात. पण घेणारा सर्व्हर मजकुराआधी तुमचा आयपी पत्ता बघतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. भाड्याचा आयपी आधी कुणीतरी वापरलेला असू शकतो. स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या साइटवर तो तपासा. यादीत सापडला तर झगडत बसू नका, दुसरा मागून घ्या. घरच्या ब्रॉडबँडवरून मेल पाठवायचा नादच सोडा. तिथे बहुधा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल ज्यातून जातो, तो २५ क्रमांकाचा पोर्टच बंद असतो.

२. पीटीआर नोंद करा, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद. ही डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या नोंदवहीत) होत नाही, आयपी ज्या होस्टिंग कंपनीचा आहे तिच्याकडे करावी लागते. आयपीवरून जे नाव मिळतं, त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे, आणि सर्व्हरने ओळख सांगताना तेच नाव सांगावं. माझे दोन दिवस इथेच गेले. जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याची नोंद चोख होती, पण सर्व्हर मेल पाठवत होता नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यावरून, आणि त्याला पीटीआरच नव्हता! दोन्हींची नोंद करा, नाहीतर आयपीव्ही६वरून पाठवणं बंद करा.

३. आता डोमेनच्या डीएनएसमधल्या तीन नोंदी: एसपीएफ, डीकिम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) आणि डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी). एसपीएफमध्ये तुमच्या वतीने कोण मेल पाठवू शकतं ते लिहा. ही नोंद तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस चौकशा लागल्या तर ती बाद ठरते. डीकिमची किल्ली २०४८ बिटांची ठेवा. मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ सहसा तुटतं, डीकिमची सही मात्र बहुधा टिकते, म्हणून माझ्या मते डीकिमच जास्त मोलाचं. डीमार्क आधी 'नन'वर (म्हणजे काहीच अडवू नका, असं) ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, मग कडक करा.

४. स्वतःच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवा आणि त्याचं मूळ रूप उघडा. तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं.

५. रोजची राखण हेच खरं काम. एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला की रातोरात हजारो मेल सुटतात. प्रत्येक खात्याला ताशी मर्यादा घाला, मेलची रांग बघत राहा. जीमेलवाल्यांनी २०२४ पासून स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

तरीही काळ्या यादीत गेलातच, तर आधी पासवर्ड बदला, रांगेतला कचरा काढा, आणि मगच नाव काढण्याचा अर्ज करा.