श्टोल्परश्टाइन पुसायचे तर: आधी नाव, मग पितळ

जर्मनीतल्या जुन्या वस्त्यांमध्ये फुटपाथच्या फरशीत, घराच्या दारासमोरच, दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतात. हे श्टोल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागावी असे दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ साली कोलोनमध्ये हे काम सुरू केलं. मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. नाझींनी ठार मारलेल्या, हद्दपार केलेल्या, परागंदा व्हायला किंवा जीव द्यायला भाग पाडलेल्या एकेका माणसासाठी एकेक दगड असतो. बहुतेक ज्यू आहेत, पण सिंती आणि रोमा (युरोपातले ‘जिप्सी’ म्हटले गेलेले समाज), समलिंगी, राजकीय विरोधक, अपंग आणि मनोरुग्णही आहेत.

उघड्यावरचं पितळ काळवंडतं. म्हणून ९ नोव्हेंबर (१९३८ चा पोग्रोम, म्हणजे ज्यूंवरचे संघटित हल्ले) आणि २७ जानेवारी (१९४५ साली आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीची मुक्तता) या तारखांच्या आसपास शाळा आणि शेजारीपाजारी हे दगड पुसतात. जर्मनीतल्या मराठी घरांतली मुलंही वर्गाबरोबर जातात, कधी पालक सोबतीला असतात. नुसतं पुसायला अर्धा तास पुरतो. मुलांना त्यातून काही कळायला हवं असेल, तर दोन आठवडे आधी कामाला लागा.

नावापासून सुरुवात

चौघांच्या गटाला एकच दगड द्या. २४ मुलांच्या वर्गाला सहा दगड पुरतात. एका कुटुंबाचे तीन-चार दगड शेजारी असतील तर ते वेगळे करू नका, एकाच मोठ्या गटाकडे सोपवा.

मजकूर आधी फळ्यावर वाचा. ‘हीअर वोन्टे’ म्हणजे इथे राहत होते. ‘JG.’ (यारगांग) म्हणजे जन्मसाल, ‘गेब.’ नंतर माहेरचं आडनाव येतं. ‘डेपोर्टिएर्ट’ म्हणजे हद्दपार, ‘एरमोर्डेट’ म्हणजे खून झाला. ‘फ्लुख्ट इन डेन टोट’ हे शब्द आत्महत्येसाठी असतात, त्यामुळे तो दगड कुठल्या गटाला द्यायचा हे शिक्षकांनी विचार करून ठरवावं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना जिवंत राहिलेल्या माणसाचा दगड द्यावा. १९३८-३९ मध्ये किंडरट्रान्सपोर्टने (मुलांना नाझी राजवटीतून बाहेर काढणाऱ्या मोहिमेतून) इंग्लंडला पोचलेल्या मुलांचेही दगड आहेत.

मग शोध. बाड आरोल्सनचं नाझी छळाच्या कागदपत्रांचं अभिलेखागार, जेरुसलेममधल्या याद वाशेम या स्मारकाची नावांची सूची आणि जर्मन संघीय अभिलेखागाराचा स्मृतिग्रंथ, तिन्ही ऑनलाइन आणि मोफत आहेत. इथे मुलं तीन ठिकाणी हमखास अडतात. पहिलं म्हणजे, १ जानेवारी १९३९ पासून ज्यू बायकांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्राएल’ हे नाव जोडणं सक्तीचं होतं (ज्यांचं नाव आधीच ज्यू नावांच्या सरकारी यादीतलं होतं ते वगळून). कागदावर ‘सारा’ दिसलं की मुलं ते खरं नाव समजतात. ते सत्तेने लादलेलं आहे. तुमच्या मजकुरात ते नाव घेऊ नका. दुसरं, गावांची नावं बदलली आहेत: ब्रेसलाउ म्हणजे आजचं व्रोत्सवाफ, लिट्झमानश्टाट म्हणजे वूच, थेरेझिएनश्टाट म्हणजे तेरेझिन. तिसरं, कागदातला शेवटचा पत्ता दगडाच्या पत्त्याशी जुळत नाही. चूक नसते ती. दगड सहसा माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर बसवतात. त्यानंतर अनेकांना सक्तीने दुसऱ्या घरांत कोंबलं गेलं होतं.

शोधातून शंभर शब्दांचा मजकूर तयार करा, मोठ्याने वाचायला एक मिनिट लागेल इतकाच. धंदा काय होता, शाळा कुठली, भावंडं किती, हे त्यात यावं. सापडलं नाही ते सापडलं नाही असं लिहा. ‘मी ती मुलगी आहे’ अशी डायरी लिहून घेऊ नका, मुलांच्या छातीवर पिवळा तारा (नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेली खूण) लावू नका, अंधाऱ्या खोलीत बसवून रेल्वेच्या डब्याची नक्कल करू नका. मुलांना वाटतं आपल्याला कळलं, आणि कळत काहीच नाही; एखादं हळवं मूल मात्र रात्रभर जागं राहतं.

मराठी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाबद्दल वर्गात प्रश्न येतो, तेव्हा घरीच आधी बोला. आपल्याकडे ते शुभचिन्ह आहे. १९२० साली नाझी पक्षाने ते झेंड्यावर घेतलं, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्यांना ते मारेकऱ्यांच्या दंडावर दिसलं. दोन्ही खरं आहे, आणि मुलाला दोन्ही झेपतं. त्या दिवशी स्वस्तिकाचं लॉकेट घरी ठेवावं. कडक मास्तरांना ‘हिटलर’ म्हणायची सवयही याच निमित्ताने सोडवावी.

प्रत्यक्ष पुसणं

पुसायला कुणाची परवानगी लागत नाही, तरी गावातल्या श्टोल्परश्टाइनचं काम बघणाऱ्या स्थानिक गटाला कळवा, नाहीतर एकाच दगडापाशी दोन वर्ग जमतात. घरातल्या रहिवाशांसाठी दारावर चिठ्ठी लावा. ज्यू समाजातले लोक किंवा वंशज येणार असतील तर शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळा, तो त्यांचा सब्बाथ, विश्रांतीचा दिवस.

एका दगडाला लागतं ते असं: लिटरभर पाणी, एक मऊ स्पंज, जुना मऊ टूथब्रश, तीन सुती फडकी, पितळेचं पॉलिश, हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी, आणि मधोमध दहा सेंटिमीटरचा चौकोन कापलेला पुठ्ठा.

आधी पाणी आणि स्पंजने वाळू, माती काढा. ही पायरी गाळली तर तेच कण फडक्याखाली फिरतात आणि पितळेवर ओरखडे उठतात. मग पुठ्ठ्याची चौकट ठेवा, म्हणजे पॉलिशचे डाग आजूबाजूच्या फरशीवर पडत नाहीत. वाटाण्याएवढं पॉलिश फडक्यावर घ्या, थेट दगडावर ओतू नका. छोट्या वर्तुळांत दोन-तीन मिनिटं घासा. फडकं काळंभोर होतं आणि आधी नावाचं पहिलं अक्षर उजळतं. मुलं इथे आपोआप गप्प होतात, त्यांना घाई करू नका. अक्षरं ठोकून उमटवलेली असतात, खाचांत पॉलिशचा पांढरा लगदा अडकतो. तो ओला असतानाच टूथब्रशने काढा, वाळला की चुन्यासारखा बसतो. शेवटी ओलं फडकं, मग कोरडं.

घरच्या समईला आपण चिंच-लिंबू लावतो, तसं इथे करू नका. समई लगेच भरपूर पाण्याने धुता येते. इथे आंबट पाणी खाचांत राहतं, पितळ हिरवं पडतं आणि सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. तारेचा ब्रश आणि काथ्या तर नकोच. लॅकरही (चकाकीचा पारदर्शक लेप) मारू नका, ते सोललं की ठिपक्याठिपक्यांनी काळं होतं.

जानेवारीत तापमान शून्याखाली असेल तर पाणी ओतू नका, फुटपाथवर बर्फ होऊन कुणीतरी घसरेल. ओलसर फडक्यावर भागवा, पण रस्त्यावर टाकलेलं मीठ आधी टिपून घ्या. दगड हलत असेल किंवा जागेवर नसेल तर स्वतः काही बसवू नका. फोटो काढून त्या स्थानिक गटाला किंवा पालिकेला कळवा.

पुसून झालं की सगळ्यांनी उभं राहून मजकूर ऐकावा. नाव पूर्ण वाचा, उच्चार आदल्या दिवशी घोकून घ्या. तिथल्या रीतीप्रमाणे एक पांढरा गुलाब आणि काचेतली मेणबत्ती ठेवतात. मेणबत्ती दगडाच्या बाजूला ठेवा, वर नको. मेण सांडलंच तर सुरीने खरवडू नका; गरम पाण्यात बुडवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा, ते मऊ होऊन निघतं. दुसऱ्या दिवशी काच उचलून आणायची जबाबदारी त्या दिवशीच एका मुलाला नावानिशी द्या, आणि पुढच्या पुसण्याची तारीखही तिथेच ठरवा.