अर्ध्यावरून शून्यावर येणारा फर्मवेअर अपडेट

दुधाच्या टँकरांवर बसवलेल्या ट्रॅकरांना ३८ एमबीचे फर्मवेअर (उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर) सिमकार्डावरून पाठवायचे होते. आडमार्गावर मोडेम २जीवर घसरला आणि सेकंदाला ५ केबी मिळाले, तर पूर्ण फाइल उतरायला दोन तासांहून अधिक लागतात. तेवढ्या वेळात संपर्क एकदा तरी तुटणारच. म्हणून उतरलेला भाग फ्लॅशमध्ये राखून, एचटीटीपीच्या रेंज हेडरने पुढचेच बाइट मागण्याची सोय आधीपासून केलेली होती. तरीही काही ट्रॅकर निम्म्याहून पुढे जाऊन पुन्हा शून्यावर येत आणि डेटा पॅक मात्र संपून जाई.

दोष नेटवर्कचाच, असे मी आठवडाभर धरून चाललो. लॉग ओळीओळीने वाचल्यावर दिसले की, जोडणी तुटल्यानंतर सर्व्हर कधी २०६ हा कोड देतो, म्हणजे फक्त मागितलेला भाग, तर कधी २००, म्हणजे अख्खी फाइल पहिल्यापासून. येणाऱ्या मागण्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर चालवणारे दोन सर्व्हर होते. एनजिनएक्स ईटॅग, म्हणजे फाइलची आवृत्ती ओळखण्याची खूण, बनवतो तो फाइलचा आकार आणि तिच्यातील शेवटच्या बदलाची वेळ यांवरून. मी मात्र दुसऱ्या सर्व्हरवर आरसिंक या फाइलींची प्रत पाठवणाऱ्या साधनाने फाइल पाठवताना ती वेळ जपणारा पर्याय दिलाच नव्हता, त्यामुळे दोन्हींचे ईटॅग वेगळे निघत. ट्रॅकरने मागणीच्या इफ-रेंज हेडरमध्ये पाठवलेला आधीचा ईटॅग जुळला नाही, की पूर्ण फाइल देणे हे सर्व्हरच्या दृष्टीने नियमानुसारच होते.

पर्याय जोडून फाइल पुन्हा पाठवली आणि दोन्ही सर्व्हरांचे ईटॅग कर्ल या कमांडने मागवून ताडून पाहिले. त्यानंतर अडलेले ट्रॅकर थांबल्या ठिकाणाहून पुढे सरकू लागले. फाइलचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा जुळल्याखेरीज नव्या पार्टिशनवरून बूट करायचे नाही, हा नियम अर्थातच तसाच ठेवला आहे.