आईचं रक्त कमी असलं तरी अंगावरचं दूध तोडू नका

बावीस वर्षं उपकेंद्रात नर्स आहे मी. बाळंतिणीच्या घरी गेलं की हमखास ऐकू येतं, "सिस्टर, हिच्याच अंगात रक्त नाही, हिचं दूध बाळाला काय लागणार?" आणि चौथ्या महिन्यातच पाणी घातलेलं गाईचं दूध सुरू झालेलं असतं.

आजी, तसं नसतं हो. आईचं हिमोग्लोबिन उतरलं तरी दुधातलं लोह सहसा फारसं उतरत नाही. लिटरमागे ते अर्धा मिलिग्रॅमही नसतं, पण असतं ते बाळाच्या चांगलं अंगी लागतं. शिवाय या दुधात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर नावाचा वाढीचा घटक असतो, तो बाळाच्या आतड्याचं अस्तर घडवतो. पहिल्या चिकात तर तो भरपूर, म्हणून चीक पिळून टाकू नका. वर्षाच्या आत गाईचं दूध पाजलं तर मात्र आतड्यातून डोळ्यांना दिसणार नाही इतकं रक्त झिरपू शकतं.

बाळाचा लोहाचा साठा पोटात असतानाच, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि साधारण सहा महिने पुरतो. अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर लवकर संपतो. अशा बाळाचं लोहाचं औषध कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना दुसऱ्या महिन्यातच विचारा.

घरी बघायचं तर उजेडात बाळाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरा. फिकट वाटला तर रक्त तपासून घ्या. अगदी पांढराफटक असेल, बाळाला धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा महिने पूर्ण झाले की लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा, १ मिली. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. हा डोस रक्त कमी होऊ नये म्हणून. तपासणीत कमी निघालं तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ताप किंवा जुलाब असतील तेव्हा थांबा. औषधाने शी काळी होते. एका घरी मी हे सांगायला विसरले, तर आई घाबरली आणि बाटली दोन महिने फडताळात तशीच राहिली. तेव्हापासून बाटली हातात देतानाच आधी शीचं सांगते.

त्याच महिन्यात वरचं खाणं सुरू करा, अंगावरचं दूध चालूच ठेवून. मऊ वरणभातावर लिंबाचे चार थेंब, उकडलेल्या अंड्याचा बलक, चालत असेल तर कोंबडीची कलेजी शिजवून अगदी बारीक कुस्करून. चहात बुडवलेलं बिस्किट नको, चहा लोह अंगी लागू देत नाही.

आणि आईची लोहाची लाल गोळी बाळंतपणानंतर रोज एक, १८० दिवस. चहाबरोबर नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. अळिवाचा लाडू जरूर खा, पण तो खाल्ला म्हणून गोळी चुकवू नका.